अणुभट्टी मोडीत काढताना किती किरणोत्सार मागे ठेवता येतो?

संशोधन अणुभट्टी बंद होते, इंधन बाहेर पाठवले जाते, टाकीतले पाणी उपसले जाते. मग उरतो तो सगळ्यात किचकट प्रश्न: भिंतीत, फरशीत आणि मातीत किती किरणोत्सार राहिला तर ती जागा मोकळी म्हणायची? या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत.

प्रश्न: जागा शेवटच्या किरणोत्सारी अणूपर्यंत साफ करा, असा सरळ नियम का नाही? 'इतके चालेल' म्हणणे ही तडजोडच नाही का?

उत्तर: शून्य कोणालाही मोजून दाखवता येत नाही, त्यामुळे तसा नियम केला तरी तो पाळला गेला की नाही हे तपासता येणार नाही. साध्या मातीच्या एका ग्रॅममध्ये पोटॅशियम-४० या नैसर्गिक किरणोत्सारी द्रव्याचे साधारण ०.४ बेकरेल (सेकंदाला होणारी अणुविघटने) असतात. युरेनियम आणि थोरियम व त्यांच्या विघटनातून बनत जाणाऱ्या द्रव्यांच्या साखळ्या असतात. विसाव्या शतकातल्या अणुचाचण्यांतून पडलेला सीझियम-१३७ आजही वरच्या थरात सापडतो. जगातल्या सरासरी माणसाला निसर्गाकडून वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचे एकक) मात्रा मिळतेच. म्हणून मर्यादा नेहमी या पार्श्वभूमीच्या वर किती, अशी सांगतात. मूळ मर्यादा असते ती माणसाला मिळणाऱ्या वार्षिक मात्रेची. बेकरेलचा आकडा त्यातून नंतर काढतात.

इथे दोन वेगळ्या मर्यादा आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. पहिली जागेची. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेनुसार मोकळ्या केलेल्या जागेमुळे कोणालाही वर्षाला ०.३ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचा १९९७ चा नियम ०.२५ मिलिसिव्हर्टचा आहे. जागेवर निर्बंध ठेवून परवाना संपवायचा असेल, तर ते निर्बंध उद्या कोलमडले तरी मात्रा किती होईल हेही दाखवावे लागते. तिथे साधारणपणे १ मिलिसिव्हर्टची सीमा धरतात.

दुसरी मर्यादा वस्तूंची: भंगार लोखंड, काँक्रीटचा राडारोडा, अवजारे. त्यांच्या मुक्ततेचा, म्हणजे नियंत्रणातून सोडण्याचा, पाया वर्षाला १० मायक्रोसिव्हर्ट (०.०१ मिलिसिव्हर्ट), म्हणजे जागेच्या मर्यादेच्या तिसाव्या हिश्शाइतका आहे. जागा एकाच ठिकाणी राहते आणि तिच्यावर नोंद ठेवता येते. भंगार मात्र वितळून कुठल्याही वस्तूत जाते, आणि एकाच माणसाच्या वाट्याला अशा अनेक वस्तू येऊ शकतात.

तडजोडीबद्दल एवढेच सांगतो की हे आकडे कमाल सीमा आहेत. त्याखाली आल्यावरही, वाजवी खर्चात आणखी कमी करता येत असेल तर करावेच लागते, आणि ते केले किंवा का केले नाही याचा हिशेब कागदावर मांडावा लागतो.

प्रश्न: वर्षाला ०.२५ मिलिसिव्हर्ट हे समजले. पण हातातल्या मीटरवर तो आकडा दिसत नाही. मातीच्या नमुन्यात 'ग्रॅमला इतके बेकरेल' ही मर्यादा नेमकी कशी निघते?

उत्तर: आधी ठरवायचे की त्या जागेवर उद्या कोण वावरेल. मातीसाठी सहसा सगळ्यात कडक गृहीतक घेतात: त्याच जमिनीवर घर बांधून राहणारे, तिथलेच धान्य-भाजी खाणारे, तिथल्याच विहिरीचे पाणी पिणारे शेतकरी कुटुंब. इमारतीसाठी रोज तिथे काम करणारा कर्मचारी. भिंती फोडायच्या असतील तर धूळ श्वासात घेणारा पाडकामाचा मजूर.

मग प्रत्येक समस्थानिकाचा (मूलद्रव्याच्या ठरावीक वजनाच्या अणूचा, जसे कोबाल्ट-६०) ग्रॅमला १ बेकरेल मातीत आहे असे मानून सगळ्या वाटांनी वर्षाची मात्रा मोजतात. बाहेरून येणारा गॅमा, धूळ, पिके, दूध, भूजल अशा या वाटा. हे काम आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या रेसरॅड या संगणक-आज्ञावलीने करतात. अमेरिकी नियमात पुढच्या १००० वर्षांतले सर्वांत वाईट वर्ष शोधावे लागते. ०.२५ ला त्या मात्रेने भागले की त्या समस्थानिकाची मर्यादा मिळते. तिला या क्षेत्रात सगळे डीसीजीएल (मात्रेवरून काढलेली प्रमाणाची मर्यादा) म्हणतात.

प्रत्येक ठिकाणी हे गणित नव्याने करावे लागू नये म्हणून अमेरिकी आयोगाने छाननीची तयार मूल्ये दिली आहेत. वरच्या मातीसाठी, ग्रॅममागे बेकरेलमध्ये, ती अशी आहेत: कोबाल्ट-६० ला ०.१४, सीझियम-१३७ ला ०.४१, युरोपियम-१५२ ला ०.३२, स्ट्रॉन्शियम-९० ला ०.०६३, ट्रिटियमला ४.१, निकेल-६३ ला ७८. कोबाल्ट आणि युरोपियम बाहेरून गॅमा मारतात. स्ट्रॉन्शियम पिकांतून पोटात जातो. निकेल-६३ चा बीटा इतका दुबळा असतो की त्याला मोठी सूट मिळते.

ही तयार मूल्ये उचलण्याआधी त्यांच्या अटी वाचा. किरणोत्सार वरच्या १५ सेंटिमीटरमध्येच असला पाहिजे आणि भूजल स्वच्छ असले पाहिजे. इमारतीच्या पृष्ठभागासाठीची मूल्ये वापरायची असतील तर पुसून निघणारा भाग १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. टाकीची गळती जमिनीत दोन मीटर खाली उतरली असेल तर तयार मूल्ये बाजूला ठेवून त्या जागेचे स्वतंत्र गणित करावे लागते. मग थराची जाडी, दूषित क्षेत्रफळ आणि समस्थानिक मातीला किती चिकटून राहतो याचा गुणांक यांवर निकाल हेलकावे खातो. हे तीन आकडे तरी त्याच जागेवर मोजलेले असावेत. पुस्तकातून घेतलेल्या गुणांकामुळे स्ट्रॉन्शियमची मर्यादा कित्येक पट चुकू शकते, आणि नियामक पहिला प्रश्न तिथेच विचारतात.

एक साधी पण वारंवार होणारी चूक एककांची आहे. जुने अमेरिकी तक्ते पिकोक्युरीत असतात, बेकरेलसाठी ०.०३७ ने गुणायचे. मर्यादा एका एककात आणि प्रयोगशाळेचा अहवाल दुसऱ्या एककात, अशी सरमिसळ झाली तर आकडा २७ पट इकडेतिकडे होतो.

प्रश्न: आमच्या विद्यापीठाची भट्टी अगदी छोटी, १०० किलोवॉटची होती. इंधन कधी फुटले नाही. मग कोबाल्ट-६० तपासले की पुरे, असे आमच्या समितीचे मत आहे. बरोबर आहे का?

उत्तर: बरोबर नाही, आणि ही समजूत कामाच्या शेवटी फार महागात पडते.

किरणोत्सार दोन वाटांनी येतो. एक सक्रियण: न्यूट्रॉनमुळे मूळ पदार्थातच समस्थानिक तयार होतात. दुसरी दूषितता: पाण्याबरोबर किंवा प्रयोगांतून बाहेर येऊन पृष्ठभागावर बसलेले द्रव्य. इंधन शाबूत होते तर दुसरी वाट बरीच अरुंद राहते, पहिली मात्र राहतेच.

तुमच्या भट्टीत प्रत्येक पदार्थाची स्वतंत्र यादी करा. स्टेनलेस स्टीलमध्ये कोबाल्ट अशुद्धी म्हणून असते. त्यातून कोबाल्ट-६०, शिवाय लोह-५५ आणि निकेल-६३. ॲल्युमिनियमच्या टाकीत व न्यूट्रॉनचा झोत बाहेर आणणाऱ्या बीम नळ्यांत ॲल्युमिनियम स्वतः निर्दोष ठरते, कारण त्याचा समस्थानिक काही मिनिटांत संपतो. उरतो तो मिश्रधातूतल्या जस्त, लोह, कोबाल्टचा हिस्सा. काँक्रीटमध्ये युरोपियम दशलक्षात एखादा भाग असते, पण ते औष्णिक, म्हणजे मंद झालेले, न्यूट्रॉन इतक्या भुकेने गिळते की काही वर्षांनी युरोपियम-१५२ हाच तिथला प्रमुख गॅमा स्रोत ठरतो. काँक्रीटमधल्या लिथियमपासून ट्रिटियम होतो. बेरियमयुक्त जड काँक्रीट वापरले असेल तर बेरियम-१३३ शोधा. न्यूट्रॉन गाभ्याकडे परतवणाऱ्या ग्राफाईटच्या परावर्तकात आणि थर्मल कॉलममध्ये (मंद न्यूट्रॉन मिळवण्यासाठीच्या ग्राफाईटच्या खांबात) कार्बन-१४, ट्रिटियम, आणि शुद्धीकरणातल्या क्लोरीनमुळे क्लोरीन-३६. ग्राफाईटमध्ये न्यूट्रॉनांच्या माऱ्याने साठलेली विग्नर ऊर्जा, जी तापल्यावर अचानक बाहेर पडू शकते, हा वेगळा धोका आहे. शिशाच्या विटांत चांदीची अशुद्धी असेल तर चांदी-१०८एम. त्याचे अर्धायुष्य चारशेहून अधिक वर्षांचे, त्यामुळे वाट पाहून तो जात नाही.

यातले ट्रिटियम, कार्बन-१४, लोह-५५, निकेल-६३ हातातल्या मीटरला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी नमुना प्रयोगशाळेत रासायनिक पद्धतीने वेगळा करून द्रव-स्फुरण गणकात मोजावा लागतो. नमुने काँक्रीटचे असतील तर ड्रिलला पाणी लावू नका. पाण्याबरोबर ट्रिटियम निघून जातो. कोरडे ड्रिलही इतके तापवू नका की तो वाफेबरोबर उडेल. काढलेला दंडगोल लगेच हवाबंद पिशवीत घाला.

शेवटी काळ. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे, युरोपियम-१५२ चे १३.५ वर्षे. बंद झाल्यावर १० वर्षांनी कोबाल्ट २७ टक्के उरतो, युरोपियम ६० टक्के. म्हणून भट्टी बंद होताना केलेली समस्थानिकांची टक्केवारी पाडकामाच्या वेळी तशीच वापरता येत नाही. प्रत्येक आकड्यापुढे तारीख लिहा आणि सगळे आकडे एकाच तारखेला आणून मग तुलना करा.

भट्टी लहान असल्याचा फायदा जरूर होतो. ग्रिनिचच्या रॉयल नेव्हल कॉलेजातली जेसन ही १० किलोवॉटची भट्टी १९६२ ते १९९६ चालली आणि काही वर्षांत ती जागा विनानिर्बंध वापरासाठी मोकळीही झाली. पण लहान भट्टीत कमी होते ते प्रमाण. समस्थानिकांची यादी तेवढीच लांब राहते.

प्रश्न: मातीच्या एका नमुन्यात कोबाल्ट-६० ०.०५, सीझियम-१३७ ०.१०, युरोपियम-१५२ ०.०८ आणि स्ट्रॉन्शियम-९० ०.०२ बेकरेल प्रति ग्रॅम आले. प्रत्येक आपापल्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी. नमुना उत्तीर्ण ना?

उत्तर: नापास. प्रत्येक मर्यादा एकट्या समस्थानिकासाठी पूर्ण ०.२५ मिलिसिव्हर्ट खर्च करते. चौघे एकत्र असतील तर त्यांचे हिस्से जोडावे लागतात. वर दिलेल्या मूल्यांनी कोबाल्टचा हिस्सा ०.३६, सीझियमचा ०.२४, युरोपियमचा ०.२५, स्ट्रॉन्शियमचा ०.३२. बेरीज १.१७. ती १ च्या आत हवी.

स्ट्रॉन्शियमसाठी दर नमुन्याला रसायन करणे परवडत नाही, म्हणून प्रतिनिधी समस्थानिक वापरतात. काही नमुन्यांत स्ट्रॉन्शियम आणि सीझियमचे गुणोत्तर पक्के करायचे आणि पुढे फक्त सीझियम मोजायचा. पण मग सीझियमची मर्यादा आवळावी लागते. गुणोत्तर ०.५ असेल तर नवी मर्यादा १ भागिले (१/०.४१ + ०.५/०.०६३), म्हणजे ०.०९६. पूर्वीच्या ०.४१ वरून थेट चौथ्या हिश्शाखाली. आता तुमच्या प्रयोगशाळेला सीझियम ०.०१ च्या आसपास खात्रीने मोजता येतो का, हे आधी बघा.

गुणोत्तर सगळ्या जागेत सारखे असेलच असे नाही. पाण्याच्या पंपाजवळ, पाणी शुद्ध करणाऱ्या रेझिनच्या टाकीजवळ आणि हॉट सेलच्या (तीव्र किरणोत्सारी वस्तू हाताळण्याच्या बंद खोलीच्या) गटारात ते वेगवेगळे निघते. मातीत तर स्ट्रॉन्शियम पाण्याबरोबर पुढे सरकतो आणि सीझियम चिकणमातीला धरून मागे राहतो. ज्या नमुन्यांत गुणोत्तर दुपटीने बदलते त्या भागांना वेगळे गट करा, किंवा सगळ्यात प्रतिकूल गुणोत्तर धरा. सरासरी गुणोत्तर लावून पुढे जाणे आम्हाला धोक्याचे वाटते.

प्रश्न: जुन्या अहवालांत '१०० चौरस सेंमीला मिनिटाला ५००० विघटने' आणि 'एक मीटरवर ताशी ५ मायक्रोरॉन्टजेन' अशा मर्यादा दिसतात. त्या आजही वापराव्यात का?

उत्तर: पहिला आकडा अमेरिकेच्या १९७४ च्या मार्गदर्शिकेतला. बहुतेक बीटा-गॅमा समस्थानिकांसाठी सरासरी ५०००, कमाल १५०००, आणि पुसून निघणारी १०००. तो मात्रेच्या गणितातून आलेला नाही. म्हणूनच त्याच्या एका खान्यात कोबाल्ट-६० आणि निकेल-६३ शेजारी बसले आहेत. पुढे मात्रेवरून काढलेल्या छाननी मूल्यांत याच एककात कोबाल्ट-६० ला ७१००, सीझियम-१३७ ला २८०००, आणि निकेल-६३ ला १८ लाख मिळाले.

ताशी ५ मायक्रोरॉन्टजेनची (रॉन्टजेन हे गॅमाच्या पातळीचे जुने एकक) मर्यादा संशोधन भट्ट्यांच्या सक्रिय काँक्रीटसाठी वापरली जाई. वर्षाला २००० कामाचे तास धरले की ०.१ मिलिसिव्हर्ट होतात, म्हणजे ती आजच्या सीमेपेक्षा कडक आहे. अडचण मोजणीची. निसर्गाची पार्श्वभूमीच ताशी १० मायक्रोरॉन्टजेनच्या आसपास असते आणि काँक्रीटगणिक बदलते. त्यावर ५ ची भर ओळखायची तर त्याच मिश्रणाचे, न्यूट्रॉन न पोहोचलेले काँक्रीट तुलनेसाठी हवे. हातातला सोडियम आयोडाइडचा मीटर कमी ऊर्जेच्या गॅमाला जास्त प्रतिसाद देतो, म्हणून त्याचे वाचन दाबयुक्त आयनीकरण कक्षाशी, म्हणजे वेगवेगळ्या ऊर्जांना जवळपास सारखा प्रतिसाद देणाऱ्या उपकरणाशी, ताडून घ्यावे.

आज या दोन्ही आकड्यांचा उपयोग रोजच्या कामात पहिली चाळणी म्हणून होतो. अंतिम अहवालात मात्रेवर आधारलेलीच मर्यादा हवी.

प्रश्न: मर्यादा ठरली. आता किती ठिकाणी मोजायचे? आमचा कंत्राटदार म्हणतो, प्रत्येक खोलीत दहा वाचने पुरेत.

उत्तर: दहाच का, याचे उत्तर त्याच्याकडे नसेल तर थांबा. मार्सिम या अमेरिकी सर्वेक्षण-संहितेत (पहिली आवृत्ती १९९७) ही संख्या काढण्याची रीत दिली आहे, आणि ती कोणत्याही देशात उपयोगी आहे.

आधी जागेचे वर्ग करा. मर्यादा ओलांडली गेली असण्याची शक्यता आहे तो वर्ग १: इमारतीत एक घटक (एकत्र तपासून निर्णय घ्यायचा तुकडा) १०० चौरस मीटर फरशीपर्यंत, मोकळ्या जमिनीत २००० पर्यंत, आणि पूर्ण पृष्ठभागावरून शोधक फिरवायचा. दूषितता आहे पण मर्यादेखाली असेल असे वाटते तो वर्ग २: इमारतीत १००० पर्यंत, जमिनीत १०,००० पर्यंत, आणि १० ते १०० टक्के पृष्ठभाग. जवळजवळ काहीच अपेक्षित नाही तो वर्ग ३. शंका असेल तर वरचा वर्ग द्या. सर्वेक्षणाच्या मध्यात वर्ग ३ मध्ये खूण सापडली तर तो घटक नव्याने करावा लागतो, आणि वेळापत्रक तिथे मोडते.

मग मोजण्याची संख्या. मर्यादेपासून तुमची अपेक्षित पातळी किती खाली आहे आणि वाचनांचा विखुरलेपणा किती आहे, यांचे गुणोत्तर काढा. मर्यादा ०.१४, अपेक्षित पातळी ०.०७, आणि प्रमाण विचलन ०.०३५ असेल तर गुणोत्तर २. दोन्ही प्रकारच्या चुकांची (मळकी जागा उत्तीर्ण होणे आणि स्वच्छ जागा नापास होणे) शक्यता ५ टक्के ठेवली तर चिन्ह-चाचणीला, म्हणजे किती वाचने मर्यादेखाली आहेत ते मोजणाऱ्या सांख्यिकी चाचणीला, १५ नमुने लागतात. विचलन ०.०७ झाले तर २९. ०.१४ झाले तर ८९. म्हणजे विखुरलेपणा चौपट झाला की नमुने सहापट. घटकाच्या सीमा आखताना स्वच्छ आणि मळका भाग एकाच घटकात घालू नका, याचे कारण हेच. जो समस्थानिक पार्श्वभूमीतही असतो त्यासाठी संदर्भ जागेशी तुलना करणारी विल्कॉक्सनची चाचणी घ्यावी लागते, आणि नमुने दोन्हीकडे लागतात.

१५ नमुने २००० चौरस मीटरवर त्रिकोणी जाळीत बसवले तर दोन बिंदूंत १२.४ मीटर अंतर पडते. मधल्या जागेत छोटा पण तीव्र डाग लपू शकतो. म्हणून नमुन्यांच्या जोडीला शोधक फिरवणे आवश्यक आहे, आणि लहान क्षेत्रफळासाठी वेगळी, सैल मर्यादा काढून तो डाग तिच्याशी ताडायचा असतो.

फिरवण्यालाही हद्द असते. दोन इंचांचा सोडियम आयोडाइड शोधक जमिनीलगत धरून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने चालले तर मातीतला कोबाल्ट-६० साधारण ०.१३ बेकरेल प्रति ग्रॅमपासून ओळखू येतो, सीझियम-१३७ ०.२४ पासून. कोबाल्टची मर्यादा ०.१४ आहे, म्हणजे उपकरण जेमतेम पुरते. प्रतिनिधी पद्धतीने सीझियमची मर्यादा ०.०९६ झाली असेल तर फिरवून ती दिसणारच नाही. जाळी दाट करावी लागेल.

पृष्ठभागाचे एक उदाहरण. १२६ चौरस सेंमी खिडकीचा गॅस-फ्लो शोधक, पार्श्वभूमी मिनिटाला ३०० गणने, मोजणी एक मिनिट. ओळखण्याची किमान पातळी ३ अधिक ४.६५ गुणिले ३०० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ८४ गणने. आता कार्यक्षमता. कारखान्यातून मिळालेला चकचकीत स्रोत ठेवून काढलेली कार्यक्षमता खडबडीत काँक्रीटवर लावता येत नाही. कोबाल्ट-६० सारख्या मंद बीटासाठी पृष्ठभागाचा गुणांक ०.२५ धरतात, उपकरणाचा ०.४ असेल तर एकूण ०.१. त्यावरून १०० चौरस सेंमीला मिनिटाला सुमारे ६६० विघटने ओळखता येतात. ७१०० च्या मर्यादेपुढे हे १० टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे चांगले. कार्यक्षमता चुकून ०.२ धरली तर प्रत्येक वाचन प्रत्यक्षाच्या निम्मे दिसेल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.

विटा, ग्रॅनाइट, चकाकीच्या फरश्या यांची बीटा पार्श्वभूमी काँक्रीटपेक्षा वेगळी असते. प्रत्येक पदार्थाची वेगळी घ्या. पुसणीच्या नमुन्यांवर रेडॉनची अपत्ये (हवेतल्या नैसर्गिक रेडॉन वायूच्या विघटनातून बनणारी द्रव्ये) बसतात. काही तासांनी पुन्हा मोजा. थोरॉनची (रेडॉनच्याच एका समस्थानिकाची) शंका असेल तर काही दिवसांनी. गॅमा वर्णपटात युरोपियम-१५२ ची १४०८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा पोटॅशियम-४० च्या १४६१ च्या इतकी जवळ आहे की सोडियम आयोडाइडला ती वेगळी करता येत नाही. निर्णय जवळच्या रेषा वेगळ्या करू शकणाऱ्या जर्मेनियम शोधकावर घ्या.

प्रश्न: जैविक ढालीचे (भट्टीभोवतीच्या जाड संरक्षक भिंतीचे) काँक्रीट किती खोलवर कापायचे? आणि कापण्याऐवजी काही वर्षे थांबलो तर?

उत्तर: बीम नळ्यांच्या तोंडाशी, थर्मल कॉलमभोवती आणि गाभ्याच्या मध्यरेषेच्या उंचीवर कोअर ड्रिलने दंडगोल काढा, त्यांचे दोन ते पाच सेंटिमीटरचे काप करा आणि प्रत्येक काप जर्मेनियमवर मोजा. औष्णिक न्यूट्रॉन सामान्य काँक्रीटमध्ये साधारण २५ ते ३० सेंटिमीटरला दहापट घटतात. पण शिखर नेमके पृष्ठभागावर असेलच असे नाही. वेगवान न्यूट्रॉन आत जाऊन मंद होतात, त्यामुळे काही सेंटिमीटर आत सक्रियता जास्त निघते. पृष्ठभाग खरवडून 'आता कमी झाले' असे ठरवणारे इथे फसतात. सळ्या वेगळ्या मोजा. त्यांतला कोबाल्ट शेजारच्या काँक्रीटपेक्षा जास्त खोलीपर्यंत मर्यादेच्या वर राहू शकतो.

आत मुरलेल्या सक्रियतेला पृष्ठभागाची मर्यादा लागू नाही. तिला ग्रॅममागे बेकरेलचीच मर्यादा हवी.

थांबण्याचा हिशेब समस्थानिकावर ठरतो. तोडलेल्या काँक्रीटच्या मुक्ततेसाठी आंतरराष्ट्रीय मूल्य कोबाल्ट-६० आणि युरोपियम-१५२ दोघांनाही ०.१ बेकरेल प्रति ग्रॅम आहे. ट्रिटियमला १००, कार्बन-१४ ला १. समजा आज दोघेही ०.५ आहेत. कोबाल्ट एकटा असता तर १२ वर्षे पुरली असती. युरोपियमला ३१ लागतात, आणि बेरीज १ च्या आत आणायची म्हणजे त्याहून थोडी जास्त. तोवर कुंपण, पहारा, हवाबंदी आणि भट्टीची माहिती असलेली माणसे टिकवावी लागतात. माणसे निवृत्त होतात, आराखडे हरवतात. म्हणून बहुतेक लहान भट्ट्यांच्या बाबतीत आमचा कल लगेच कापण्याकडे आहे. मोठ्या, स्टीलने भरलेल्या भट्टीत कोबाल्टसाठी काही वर्षे थांबणे कामगारांच्या मात्रेच्या दृष्टीने योग्य ठरू शकते.

प्रश्न: मर्यादेपेक्षा थोडी जास्त असलेली माती स्वच्छ मातीत मिसळून मर्यादेखाली आणली तर काय बिघडते?

उत्तर: मुद्दाम पातळ करून मुक्तता मिळवायला बहुतेक नियामक परवानगी देत नाहीत, कारण एकूण किरणोत्सार तेवढाच राहतो आणि उलट जास्त मातीत पसरतो. पण सरासरी काढणे निराळे. किती वजनावर सरासरी घ्यायची, हे मर्यादेबरोबरच लिहून ठरवून घ्या. शंभर किलोवर आणि एका टनावर काढलेली सरासरी वेगळा निकाल देते. हे आधी लिहिलेले नसेल तर नंतर प्रत्येक ढिगावर वाद होतो.

प्रश्न: फरशीखाली पुरलेल्या नळ्या आणि खड्डे यांचे काय? खड्डे भरून टाकल्याशिवाय पुढचे काम सुरू होत नाही.

उत्तर: पुरलेल्या नळ्यांसाठी मर्यादा वेगळी काढावी लागते, फरशीची मर्यादा त्यांना लावू नका. नळी जागेवर राहणार असेल तर तिच्यातून बाहेर येणारा गॅमा आणि पुढे कोणी ती उपसली तर मिळणारी मात्रा, अशी दोन गणिते हवीत. आतून मोजायला नळीच्या व्यासाला बसेल असा लहान शोधक दोरीने ओढतात. दर अर्ध्या मीटरला थांबून वाचन घ्या आणि त्याच व्यासाच्या नळीत ठेवलेल्या ज्ञात स्रोतावर आधी अंशांकन करा. गाळ कोपरांत, सांध्यांत आणि खालच्या उताराला साचतो. सरळ भागातले सुंदर आकडे पाहून थांबू नका. आतून मोजताच येत नसेल तर नळी खणून काढणे स्वस्त पडते.

खड्डा भरण्याआधी त्याच्या तळाचे आणि बाजूंचे अंतिम सर्वेक्षण पूर्ण झाले पाहिजे, नमुन्यांचा अहवाल हातात आला पाहिजे, आणि नियामकाला स्वतः मोजायचे असेल तर त्याला तेवढी मुदत मिळाली पाहिजे. भरल्यावर कोणी शंका काढली तर पुन्हा खणावे लागते. तेव्हा भरावाची तारीख प्रयोगशाळेच्या वेळेवरून ठरवा. स्ट्रॉन्शियम आणि निकेलच्या रासायनिक चाचण्यांना गॅमा मोजणीपेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात, आणि कंत्राटातल्या वेळापत्रकात नेमके तेच दिवस धरलेले नसतात.